कोळशाच्या मूळ चित्राला काच हवीच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावातील एका चित्रप्रदर्शनात गव्याचे कोळशाने काढलेले मूळ चित्र पाहिले. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यात (घोषणा २०११) वावरणारा हा प्राणी चित्रकाराने नेमका ओळखला आहे: खांद्यावरच्या उंचवट्याचा काळा रंग कोळसा दाबून, बोटाने घासून आणला आहे, तर गुडघ्याखालचे पांढरे पाय केवळ कोऱ्या कागदातून उभे राहिले आहेत. छापील प्रतीत हे उतरत नाही. मात्र चित्र काचेविना, येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागेल असे टांगले होते आणि एका शिंगाची रेघ पुसटही झाली होती, याचे फार वाईट वाटले. कोळसा उन्हाने विटत नाही, पण त्याची भुकटी कागदावर नुसती टेकलेली असते. फिक्सेटिव्ह (भुकटी धरून ठेवणारे द्रावण) फवारले तरी ती घासली जातेच. शिवाय आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कागदाला बुरशीही लवकर लागते. आयोजकांनी अशी चित्रे आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) घालून, काच चित्राला टेकणार नाही अशा फ्रेममध्येच लावावीत आणि तो खर्च चित्रकारावर ढकलू नये, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, खानापूर