साहस शिबिराला मुले पाठवण्याआधी दोराची नोंदवही मागा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या युवा पुरवणीत परदेशातील स्वयंसेवेविषयी आलेल्या लेखात इंग्लंडमधील साहस केंद्रांचा ओझरता उल्लेख होता. तो वाचून ‘राहणे-जेवणे फुकट, वर डोंगर चढायला मिळणार’ असा कोणाचा समज झाला असल्यास दोष लेखाचा नाही, कारण हाच समज उराशी धरून काही वर्षांपूर्वी मीही इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्टमध्ये गेलो होतो. शाळकरी मुले आणि अपंग व्यक्ती यांना प्रस्तरारोहण, कयाकिंग (अरुंद छोटी होडी वल्हवणे) व डोंगरभटकंती घडवणाऱ्या एका धर्मादाय केंद्रात मी जवळपास वर्षभर स्वयंसेवक होतो. तिथे जे शिकलो त्याचा संबंध आपल्याकडच्या हिवाळी शिबिरांशी पोहोचतो, म्हणून हे पत्र.

प्रथम व्यवहाराचे सांगतो. पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथे नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत फार तर 30 दिवस स्वयंसेवा करता येते. त्याहून अधिक काळ राहायचे तर धर्मादाय कार्यासाठीचा स्वतंत्र व्हिसा लागतो. त्यासाठी परवानाधारक संस्थेने पुरस्कृत करावे लागते, मुदत कमाल 12 महिन्यांची असते आणि पगार घेता येत नाही. मुलांमध्ये काम करायचे असल्याने पोलिसांकडील चारित्र्य दाखलाही जोडावा लागला. हे सारे संस्थेशी थेट पत्रव्यवहार करून जमते. मला मात्र आधी एका मध्यस्थाने ‘प्लेसमेंट’च्या नावाखाली मोठी रक्कम सांगितली होती. फुकट राबण्यासाठी पैसे मोजावेत हे काही माझ्या नाशिककर बुद्धीला पटले नाही, आणि ते बरेच झाले.

पहिल्याच दिवशी मला विचारले गेले, ‘तुमचे लॉगबुक कुठे आहे?’ दहा वर्षे सह्याद्रीत हिंडलो होतो, नागफणीच्या कड्यावरून रॅपलिंग केले होते, म्हणजे दोराने खाली उतरलो होतो, हरिश्चंद्रगडाच्या वाटा अंधारातही ओळखीच्या होत्या. पण यातले काहीच कागदावर नव्हते. त्यांच्या लेखी मी नवशिका. पुढचे कित्येक आठवडे वेटसूट धुणे, बूट वाळवणाच्या खोलीत लावणे, हेल्मेट मोजणे आणि दोर तपासताना कोणीतरी सांगेल ती नोंद लिहून घेणे हेच माझे काम होते. मुलांसोबत कड्यावर जायचो तेव्हा मागे उभा राहायचो. बिले द्यायची, म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळायची, वेळ येई तेव्हा शेजारी प्रशिक्षक असे. राग येत असे, हे कबूल करतो. इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक 978 मीटरचे, आपले कळसूबाई 1646 मीटरचे. मग यांनी मला काय शिकवावे, असा तो बालिश राग होता. तिथला पाऊस आणि वारा अंगावर घेतल्यावर तो उतरला. आपला पाऊस चार महिन्यांचा आणि बराचसा उबदार असतो. तिथला बारमाही आणि हाडे गोठवणारा असतो, आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांना साधी गाठही मारता येत नाही.

त्या नोंदींपैकी दोराची वही मला सर्वाधिक शिकवून गेली. प्रत्येक दोराला क्रमांक असतो. तो पहिल्यांदा केव्हा वापरला, किती वेळा, कोणी तपासला, कुठे खरचटला हे सारे त्याच्या नावावर मांडलेले असते. एकदा माझ्या डोळ्यांना नवाकोरा दिसणारा दोर प्रशिक्षिकेने वहीत पाहून बाजूला काढला. उत्पादकाने ठरवून दिलेली मुदत संपली होती. इतर कोणी चुकूनही वापरू नये म्हणून तिने त्याचे तुकडे केले आणि वहीत ‘बाद’ असे लिहून तारीख घातली. आपल्याकडे असा दोर आधी तंबू बांधायला, मग पाण्याचे कॅन ओढायला आणि दोर कमी पडले की पुन्हा कड्यावर जाताना मी पाहिलेला आहे.

ही शिस्त इंग्रजांच्या रक्तातच आहे असे मानण्याचे कारण नाही. साहस शिक्षणाची तिथली परंपरा जुनी. कुर्ट हान आणि लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समधील अॅबरडोव्ही येथे आउटवर्ड बाउंड या साहस शिक्षण संस्थेची पहिली शाळा काढली ती 1941 साली. तरीही केंद्रांना परवाना सक्तीचा करायला चार मुलांचे प्राण जावे लागले. 22 मार्च 1993 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम बे या उपसागरात प्लिमथच्या एका शाळेचे विद्यार्थी कयाक घेऊन समुद्रात गेले, लाटांनी त्यांची ताटातूट केली, मदत बोलावण्यास उशीर झाला आणि चौघे दगावले. त्यांना नेणाऱ्या साहस केंद्रातून आदल्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या प्रशिक्षकांनी सुरक्षिततेच्या त्रुटींबद्दल लेखी इशारा दिला होता, हे खटल्यात पुढे आले. व्यवस्थापकाला तुरुंगवास झाला आणि केंद्र चालवणारी कंपनीही सदोष मनुष्यवधाची दोषी ठरली. 1995 साली कायदा झाला आणि 18 वर्षांखालील मुलांना पैसे घेऊन प्रस्तरारोहण, जलक्रीडा, डोंगरभटकंती वा गुहाभ्रमण घडवणाऱ्या केंद्रांना तपासणी व परवाना बंधनकारक झाला. आमच्या केंद्रातील जुनी मंडळी वहीबद्दल कंटाळा दाखवणाऱ्या नव्या पोरांना लाइम बेची हकीकत सांगत, मलाही सांगितली.

डोंगरात गट नेण्याचे तिथले प्रमाणपत्रही वहीवरच चालते. ‘माउंटन लीडर’च्या प्रशिक्षणाला जाण्याआधीच किमान 20 दर्जेदार डोंगरदिवसांचा, म्हणजे स्वतः वाट शोधत डोंगरात घालवलेल्या दिवसांचा, अनुभव लागतो आणि परीक्षेला बसेपर्यंत ते किमान 40 व्हावे लागतात. आपल्याकडे उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगचा मूलभूत अभ्यासक्रम उत्तम असतो यात शंका नाही, परंतु तो महिनाभरात गिर्यारोहक घडवण्याचा पाया घालतो. अनोळखी चाळीस मुलांची जबाबदारी पेलण्याची ती सनद नव्हे. तरी प्रमाणपत्र हाती पडताच त्याच हंगामात व्हॅली क्रॉसिंगचा (दरीवर ताणलेल्या दोरावरून पलीकडे जाण्याचा) दोर सांभाळणारी विशीतली मुले मी परतल्यावर एका शिबिरात पाहिली. ती होतकरू होती, धीटही होती. आयोजकांकडे दोराची वही मागितली तेव्हा मला ‘सर, आमचा सगळा माल ब्रँडेड आहे’ असे उत्तर मिळाले.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर करून आयोजकांची नोंदणी सक्तीची केली, हे स्वागतार्हच आहे. पण नोंदणीचा कागद कार्यालयाच्या भिंतीवर असतो आणि मूल लटकते ते दोरावर. येत्या दिवाळीनंतर शाळांच्या सहली आणि शिबिरे सुरू होतील. पालकांच्या संमतिपत्रासोबत शाळेने आयोजकाकडून दोर, हार्नेस (दोराला जोडायचा कमरेचा पट्टा) व हेल्मेट यांच्या नोंदवहीची प्रत आणि प्रत्यक्ष कड्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाच्या अनुभवाची दिवसवार नोंद मागून घ्यावी, आणि ती नसेल तर रॅपलिंगचा कार्यक्रम त्या दिवसापुरता वगळून मुलांना गड चालत दाखवावा. पर्यटन संचालनालयानेही नूतनीकरणाच्या वेळी हीच वही तपासावी. परदेशी केंद्रांत जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी, विमानाचे तिकीट काढण्याआधी, येत्या रविवारच्या ट्रेकपासून आपले लॉगबुक लिहायला घ्यावे. तारीख, वाट, हवामान, गटातील माणसे आणि काय चुकले, एवढे पुरते. माझी वही तिसाव्या वर्षी सुरू झाली आणि तिच्या पहिल्या पानावर ‘हेल्मेट 42, एकाचा बंद तुटलेला’ एवढेच आहे.

आपला,
एक गिर्यारोहक वाचक, नाशिक