आवृत्ती बघून पुस्तक उघड

म्हापसा,
१४ जुलै

प्रिय वसंत,

स. न. वि. वि.

पावसात वाचायला काय धाडतोस, एवढंच विचारलंस. नुसती नावं लिहून भागलं असतं, तर पोस्टकार्ड पुरलं असतं. पण कुठलं पुस्तक, याच्याइतकंच त्याची कुठली प्रत, हेही बघावं लागतं. मुखपृष्ठावर नाव तेच असतं आणि आत मजकूर वेगळाच निघतो.

‘माझा प्रवास’च घे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचं हस्तलिखित चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलं खरं, पण भटजींच्या भाषेला इस्त्री फिरवून आणि काटछाट करून. मुळाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणला. तेव्हा प्रस्तावना आधी उघड आणि पाठ कुणाचा ते बघ. वैद्यांचा वाचायला सोपा, पण कोकणातला भिक्षुक ओसरीवर बसून सांगतोय असं वाटतं ते पोतदारांच्याच पाठात. वाचताना मात्र भटजींनी पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेव. बंडाची कारणं ते सांगतात ती बरीचशी वाटेवरची ऐकीव. झाशीच्या वेढ्यात मात्र ते स्वतः गावात होते. शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट त्यांनी लिहिलीय, ती पानं सावकाश वाच. शेवटी पदरात दक्षिणा काय पडली, तर गंगेची कावड!

त्याला लागूनच धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ (१९२४) वाच. माणूस आपल्या गोव्यातल्या सांकवाळचा. ‘बालबोधमेवा’ मासिकातलं बुद्धचरित्र वाचून डोक्यात जे शिरलं, त्यापायी घर सोडून आधी पुणे, मग ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, पुढे सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश. शेजारी नकाशा उघडून ठेव, नाहीतर तिसऱ्या प्रकरणापासून गावांची गल्लत होते. गोडसे दक्षिणेसाठी हिंडले, कोसंबी विद्येसाठी. पण कुठे जेवलो, कुठे निजलो, हे दोघेही चोख सांगतात. कोसंबींच्या गद्यात अलंकार औषधालाही नाही आणि मला ते फार आवडलं. खटकलं ते एवढंच, की मागे राहिलेली बायको आणि तान्ही मुलगी चार ओळींत उरकली जातात. त्या घरात काय चाललं असेल ते आपणच ताडायचं.

आता ‘क्रिस्तपुराण’. तू दोनदा हातात घेऊन खाली ठेवलंस, आणि चूक तुझी नव्हे, वाचायच्या पद्धतीची आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूरला छापला गेला. भाषा मराठी, लिपी रोमन. पहिल्या पुराणात ४१८१ ओव्या, दुसऱ्यात ६७८१, मिळून १०,९६२. पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. अध्यायाला तो अवस्वरु म्हणतो, पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९. म्हणजे एका अवस्वरात सरासरी ११५ ओव्या. रोज एक घेतलास तर ९५ दिवस लागतात, त्यामुळे गणेशचवथीपर्यंत संपवायचा हट्ट धरू नकोस.

लोक अडखळतात कुठे, तर मूकपणे वाचतात तिथे. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. हे कानाला कळतं, डोळ्याला नाही. ज्ञानेश्वरी लावतोस त्या चालीवर मोठ्याने म्हण, अर्धे अडलेले शब्द आपोआप सुटतील. दुसरी अडचण लिपीची. सालढाणांची १९०७ सालची मंगळूरची आवृत्ती रोमनमध्ये आहे. तिच्यात ‘जैसी’चा ज ‘झेड’ने लिहिलाय, क कधी कधी ‘क्यू’ने, आणि दोन ‘एल’ जोडून आले की ळ. दोन पानं नेटाने ओढलीस की हात बसतो. पण तू आधी देवनागरी प्रतच घे. शांताराम बंडेलूंची १९५६ सालची आहे. फादर नेल्सन फाल्कांव यांच्या आवृत्तीत ओव्यांसोबत आजच्या मराठीतलं गद्यही आहे. ते गद्य कुबडी म्हणून वापर. नुसतं तेवढंच वाचलंस, तर हाती बायबलचा सारांश उरेल आणि स्टीफन्स निसटेल. स्वर्गाला वैकुंठ म्हणणारा हा मिशनरी आपल्या ऐकणाऱ्यांच्या कानाला कसा जपतो, हे ओवीतच दिसतं. सुरुवात दुसऱ्या पुराणापासून केलीस तरी काही बिघडत नाही.

याच स्टीफन्सने कोंकणीचं व्याकरण लिहिलं आणि कोंकणीत ‘दौत्रिना क्रिस्तां’ हे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं पुस्तकही. दोन्ही त्याच्या पश्चात छापून आली. मराठी की कोंकणी म्हणून आपण अजून भांडतोय, त्याने दोन्हींचं काम करून ठेवलं.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे औषधींवरचे संवाद (गोवा, १५६३) मार्कमच्या १९१३ सालच्या इंग्रजी अनुवादात मिळतात. सलग वाचायचं ते पुस्तक नव्हे. अनुक्रमणिकेतून हिंग, आंबा, धोतरा एवढे काढून वाच आणि बाकीचं ठेवून दे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ संक्षिप्त घेऊ नकोस. त्यांची गंमत मूळ गोष्टीला फुटणाऱ्या फाट्यांत आहे आणि कात्री नेमकी तिथेच चालते. दामोदर मावजोंची ‘कार्मेलीन’ ही कादंबरी मूळ कोंकणीतच वाच. बोलतो तीच भाषा, तरी छापात पहिली वीस पानं डोळे ठेचकाळतात. पुढे सरळ आहे.

आता तुझ्या वाळपईच्या हवेबद्दल. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते आणि आपल्याकडे पावसात ती त्याच्याही वर असते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ आणि पुस्तकं गच्च कोंबू नकोस, मध्ये वारा खेळू दे. लोखंडी कपाटात थंडाव्याने आतून दव धरतं. जुने लोक कपाटात पिवळा दिवा लावत, तो त्यासाठीच. एलईडीने ते काम होत नाही, कारण तो तेवढा तापतच नाही. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नकोस, डाग कागदात मुरतो. आधी पुस्तक पंख्याखाली कोरडं कर, मग तोंडाला फडकं बांधून बाहेर पडवीत मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झटक. कडक उन्हात ठेवलंस तर पुठ्ठा वाकतो. कसर लागली असेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नकोस, नाहीतर थंड कागदावर पाणी सुटतं. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं भिजली तर पानं एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर सुटत नाहीत. ती ओली असतानाच एकेक पान सोडवून मध्ये कागद घालावा लागतो.

सोबत गोडसे आणि कोसंबी धाडतोय. ‘क्रिस्तपुराण’ आधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून चाळ, मगच विकत घ्यायचं की नाही ते ठरव. कोसंबींच्या पुस्तकाची शिवण सैल झालीय, उताणं पसरू नकोस. चवथीनंतर परत दे.

तुझा,
विनायक