आईचे हात वर जायला लागले, तरी

ती. आई-बाबांस सा. न.

रविवारी आई फोनवर म्हणाली, "फळीवरचा रव्याचा डबा माझा मी काढला." ऐकून फार बरं वाटलं. गेल्या वर्षी याच डब्यापाशी तिचा हात खांद्याच्या वर जाईना, आणि पाटावरून उठवायला बाबा, तुम्ही दोन्ही हात द्यायचात. "वय झालं" म्हणत आपण तीन महिने घालवले. पापण्यांवरचा जांभळट रंग केसांच्या डायमुळे आणि बोटांच्या सांध्यांवरचे लाल चट्टे भांड्यांच्या साबणामुळे, असं तर मीच ठासून सांगत होते.

पण त्याच फोनवर तुम्ही म्हणालात, "आता बरी आहे ना, मग वर्षाच्या तपासण्या कशाला? नसतं काहीतरी काढतील." म्हणून हे पत्र. फोनवर मी चिडते आणि तुम्ही फोन आईकडे देता.

आईला झालेला डर्मॅटोमायोसायटिस हा स्नायूंचा आणि त्वचेचा आजार. तो झालेल्या काही जणांमध्ये शरीरात कुठेतरी कॅन्सरची गाठ लपलेली असते. आपली प्रतिकारशक्ती तिच्यावर धावून जाते आणि तशीच प्रथिनं स्नायूंत दिसली की तिथेही हल्ला करते, असं मानतात. स्नायू बोंबलतात, गाठ गप्प बसते. आईच्या रिपोर्टात टिफ-वन गॅमा, म्हणजे या आजारात काहींच्या रक्तात सापडणारं एक प्रतिपिंड, पॉझिटिव्ह आहे, वय चाळिशीच्या पुढे आहे. डॉक्टर तिला जास्त जोखमीत धरतात ते याचमुळे. गोळ्यांनी हात वर गेला, म्हणून आत काही नाही असं होत नाही.

स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या नोंदी एकत्र करून २००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. हा आजार असलेल्या ६१८ जणांपैकी १९८ जणांना कॅन्सर होता, त्यातल्या ११५ जणांना तो या आजाराच्या निदानानंतर झाला. म्हणजे बहुतेकांना झाला नाही. हे वाक्य आईला मोठ्याने वाचून दाखवा, बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल. धोका पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, पण तो तीनेक वर्षं राहतो. पहिला स्कॅन स्वच्छ आला खरा, पण आपण आत्ता कुठे दुसऱ्या वर्षात आलोय.

आई, तुला त्या मशीनची धास्ती आहे, माहीत आहे मला. इंजेक्शन दिल्यावर अंगभर गरम लाट आली आणि तुला वाटलं, लघवीच झाली! या वेळी बहुधा ते नाही. २०२३ साली या आजाराच्या तज्ज्ञांनी ठरवून दिलंय: जास्त जोखीम असेल तर सुरुवातीला स्कॅन वगैरे सगळं, आणि मग तीन वर्षं दरवर्षी साध्या तपासण्या. डॉक्टरांनी हाताने तपासायचं, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. त्यात काही खटकलं, तरच पुढचं.

आणि बाबा, "ब्लाउज सैल झालेत, सूज उतरली" असं तुम्ही खुशीत सांगितलंत. स्टिरॉइड कमी केल्यामुळेच असेल. तरी वजनाचा आकडा वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. घास अडकतो का, तेही तिला विचारा. मला ती "नाही गं" म्हणून उडवून लावते.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतेय, शनिवारी सकाळी लॅबमध्ये आपण तिघं जाऊ. जुनी फाइल काढून ठेवा. आई, रव्याचा डबा वरच ठेव. मला बघायचंय.

तुमची,
धाकटी