ग्रंथालयातील त्या फलकांसाठी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

इतिहासातील आणि कलाक्षेत्रातील क्वीअर, म्हणजे समलिंगी किंवा लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या, व्यक्तींविषयी आपण ग्रंथालयात मांडलेले प्रदर्शन पाहायला मी तीनदा आले. पण आपल्याशी बोलण्याचा धीर तिन्ही वेळा झाला नाही, म्हणून हे पत्र असे सर्वांसमक्ष लिहीत आहे.

ज्या चरित्रांवर मी वाढले, त्यांत अशा माणसांबद्दल ‘आजन्म अविवाहित राहिले’ एवढेच एक वाक्य असे आणि पुढचा परिच्छेद घाईने त्यांच्या कामाकडे वळे. आपण त्या वाक्यापाशी थांबलात, याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे.

मायकेलअँजेलोच्या फलकासमोर मी सर्वांत जास्त वेळ उभी होते. तोम्मासो दे कावालिएरी या तरुणासाठी लिहिलेल्या एका सुनीतात तो स्वतःला सशस्त्र स्वाराचा बंदिवान म्हणवतो, आणि इटालियनमध्ये स्वाराला ‘कावालिएर’ म्हणतात, हा श्लेष आपण बारीक अक्षरांत उलगडून दाखवला होता. त्याच्या भावाच्या नातवाने १६२३ साली त्या कविता छापताना पुल्लिंगी सर्वनामे स्त्रीलिंगी केली, आणि मूळ पाठ वाचकांसमोर यायला १८६३ साल उजाडले. एका सर्वनामाने केवढा फरक पडतो हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आपल्याकडे तर क्रियापदही त्याच्यामागून बदलते.

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांना समलिंगी संबंधांबद्दल १९५२ मध्ये झालेली शिक्षा आता बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे तो भाग आपण थोडक्यात आवरलात हे मला योग्य वाटले. त्याऐवजी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे संघटक बायर्ड रस्टिन यांना मोठी जागा दिलीत. त्या चळवळीच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्च्यासाठी दोन महिन्यांहून कमी अवधीत, सुमारे अडीच लाख माणसांच्या बसगाड्यांपासून पिण्याच्या पाण्यापर्यंत आणि शौचालयांपर्यंत सारी आखणी त्यांनी केली. तरीही ते समलिंगी असल्याचे विरोधक चव्हाट्यावर मांडतील या धास्तीने संचालकपद ज्येष्ठ कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्याकडे गेले, आणि रँडॉल्फ यांनी रस्टिन यांनाच उपसंचालक नेमले.

प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोबद्दल मात्र आपण अंदाज बांधले नाहीत. निश्चितपणे पूर्ण म्हणता येईल अशी तिची एकच कविता उरली आहे, हे सांगून तिच्या तुटक ओळी तशाच, मधल्या रिकाम्या जागांसह लावल्या होत्या. तो संयम मला फार भावला.

तिसऱ्या वेळी मी आईला घेऊन आले होते. रस्टिन यांच्या फलकापाशी ती थांबली, चष्मा पुसून तिने तो पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि बाहेर पडताना मला विचारले, “तू हे किती वर्षं मनात ठेवलंस?” ती त्या फलकाविषयी विचारत नव्हती. घरी पोहोचेपर्यंत आम्ही बोलत होतो, आणि दार उघडल्यावरही तो विषय थांबला नाही.

आपली ऋणी,
एक वाचक