उंदरांवरचे प्रयोग आणि रक्तदाबावरच्या पावडरी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या काही दुकानांत ‘एल-आर्जिनीन’ या अमिनो आम्लाचे डबे पूर्वी व्यायाम करणाऱ्या मुलांसाठी ठेवलेले असत. अलीकडे तेच डबे ‘बीपीवर आणि हृदयासाठी उत्तम’ असे सांगून साठीच्या पुढच्या गिऱ्हाइकांनाही दिले जाऊ लागले आहेत. या दाव्याला शास्त्राचा काहीच आधार नाही, असे म्हणता येणार नाही, आणि खरा घोळ तिथेच आहे.

आर्जिनीनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. या वायूचे कार्य उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लुईस डाल यांनी अमेरिकेत उंदरांचा असा वाण तयार केला होता की जास्त मीठ पोटात गेले की त्यांचा रक्तदाब चढतो आणि पुढे हृदयाची भिंत जाड होऊन ते निकामी होऊ लागते. या उंदरांना मिठाबरोबर आर्जिनीन दिले असता रक्तदाब चढला नाही, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मात्र अशा प्रयोगांतील खाद्यात मीठ असते बहुधा ८ टक्के, म्हणजे दिवसाला अर्धा किलो कोरडे अन्न खाणाऱ्या माणसाने ४० ग्रॅम मीठ खाण्यासारखे. इतके मीठ आपल्याकडे लोणच्याच्या बरणीतच सापडेल.

माणसांवरच्या छोट्या चाचण्या एकत्र करून २०११ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार आर्जिनीनने वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ५ अंकांनी उतरतो. हे अगदीच नगण्य नाही, पण त्या चाचण्या थोड्या लोकांवरच्या आणि थोड्या काळाच्या होत्या. याउलट, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवरील अमेरिकेतील चाचणीत आर्जिनीन घेणाऱ्यांपैकी ६ जण दगावले, दुसऱ्या गटातील एकही नाही, आणि ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. हा निकाल २००६ पासून सर्वांसमोर आहे. दुकानदार मात्र झटका येऊन गेला आहे का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, हे विचारतही नाही. डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, तीही वाचायला भिंग घ्यावे अशी.

मुळात मीठ तेवढेच ठेवून त्यावर पावडरीचा उतारा शोधणे मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, अशी आहे. सैंधव आणि पादेलोण हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने ‘आम्ही साधे मीठ सोडले’ या समाधानाला फारसा अर्थ उरत नाही. पापडखार आणि खायचा सोडा खारट लागत नाहीत, पण सोडियम त्यांतही असते. त्यामुळे आपल्या मिसळीच्या ताटातला पापड, फरसाण, रस्सा आणि पाव यांचा हिशेब एकत्रच करावा लागतो. पाकिटावर सोडियमचा जो मिलिग्रॅममधला आकडा असतो, त्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. काही सोडियमऐवजी पोटॅशियम असलेले मीठ चीनमधील २०२१ च्या मोठ्या अभ्यासात पक्षाघात कमी करणारे ठरले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयाने या दुकानांतील फलक व तोंडी दावे तपासावेत, अशी विनंती आहे. आपल्या दैनिकानेही अशा संशोधनाची बातमी देताना प्रयोग उंदरांवरचा की माणसांवरचा, हे मथळ्यातच सांगावे.

कळावे,
एक निवृत्त औषधनिर्माता,
इंदिरानगर, नाशिक