लेवीयाचे भाष्य निवडताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धर्मग्रंथांच्या अभ्यासासाठी कोणती पुस्तके घ्यावीत, याविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडे मते येत आहेत. त्यांपैकी एका पत्रात बायबलमधील ‘लेवीय’ या पुस्तकासाठी ‘एखादे चांगले भाष्य घ्यावे’ एवढेच म्हटले होते. चांगले म्हणजे कोणते आणि ते विकत घेण्यापूर्वी कसे ओळखायचे, हाच खरा अडचणीचा भाग आहे. पुण्यात आम्ही दहा-बारा जण गेले दीड वर्ष दर गुरुवारी संध्याकाळी जमून हे एकच पुस्तक वाचत आहोत. त्या अनुभवावरून चार गोष्टी लिहाव्यात, असे वाटले.

प्राचीन इस्राएलाची उपासना आणि तिचे नियम यांचा गाभा लेवीयाच्या २७ अध्यायांत आहे. अर्पणे कशी करावीत, याजकाने म्हणजे पुरोहिताने काय करावे, शुद्ध काय आणि अशुद्ध काय, वर्षाचे सण कोणते, जमीन मूळ मालकाकडे केव्हा परत जाते, हे सारे येथे क्रमाने येते. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, उत्साहाने वाचायला बसलेला ख्रिस्ती वाचक बहुधा येथे येऊन थांबतो. याउलट ज्यू परंपरेत लहान मुलांचे शिक्षण याच पुस्तकापासून सुरू करण्याची जुनी रीत होती. इसवी सन ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले आणि अर्पणे थांबली, तरी त्या अर्पणांचा अभ्यास ज्यू विद्वानांनी सोडला नाही. दोन समाजांच्या वाचनातला हा फरक भाष्य निवडताना फार महत्त्वाचा ठरतो.

आमच्या गटातला एक प्रसंग सांगते. बारावा अध्याय चालू होता. बाळंत झालेल्या स्त्रीने ठरावीक दिवस पूर्ण झाल्यावर होमार्पणासाठी एक वर्षाचे कोकरू आणि पापार्पणासाठी पारवा किंवा होला याजकाकडे आणावा, ऐपत नसेल तर दोन होले किंवा दोन पारवे चालतील, असे तेथे सांगितले आहे. आमच्यातल्या एका तरुण मुलीने, जिचे बाळ तेव्हा पाच महिन्यांचे होते, पुस्तक मिटून मांडीवर ठेवले आणि विचारले, “मूल झालं यात माझं पाप कोणतं?” त्या दिवशी आमच्यापुढे एक जुने, स्वस्तात मिळालेले इंग्रजी भाष्य होते. त्यात आदिपापाचा, म्हणजे माणूस जन्मतःच पापी असतो असा, सिद्धान्त सांगून विषय दोन परिच्छेदांत संपवला होता. तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी कोणाचेच झाले नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही ज्यू अभ्यासक जेकब मिलग्रोम यांचे भाष्य मिळवून आणले. ‘पापार्पण’ यासाठी मूळ हिब्रू शब्द ‘हत्तात’ असा आहे. तो ‘पाप’ या अर्थीही येतो, म्हणून भाषांतरांत ‘पापार्पण’ रूढ झाले. मिलग्रोम यांचे म्हणणे असे की, हा शब्द ज्या क्रियापदाच्या रूपाशी जोडलेला आहे त्याचा अर्थ ‘शुद्ध करणे’ असा होतो, आणि म्हणून याला शुद्धीकरणाचे अर्पण म्हणायला हवे. त्यांचा आधार केवळ व्याकरणाचा नाही, विधीचाही आहे. या अर्पणाचे रक्त अर्पण करणाऱ्या माणसाला कधीच लावले जात नाही. ते वेदीला लावले जाते. आठव्या अध्यायात तर वेदीचे समर्पण करताना खुद्द वेदीसाठीच हत्तात होते. इस्राएलाचा नेता मोशे वेदीच्या शिंगांना, म्हणजे कोपऱ्यांवरच्या टोकांना, रक्त लावून ती शुद्ध करतो. वेदीने कोणते पाप केले असणार? माणसांच्या दोषांचा आणि अशुद्धतेचा थर पवित्रस्थानावर साचतो, तो वेळोवेळी काढला नाही तर देव तेथे राहणार नाही, अशी ही सारी कल्पना आहे. प्रसूती हा दोष नाही, ती अवस्था आहे. आपल्याकडे सोयर असते, त्या घराला कोणी पापी म्हणत नाही, हे त्या मुलीला तेव्हा आपणहून आठवले.

म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे की, लेवीयाचे कोणतेही भाष्य हाती आले की प्रस्तावना वाचू नये, थेट बारावा अध्याय काढावा. भाष्यकार रक्त कोठे लावले जाते हे पाहतो की नाही, ते लगेच कळते. याच अध्यायात मुलगा झाल्यास एकूण चाळीस दिवस आणि मुलगी झाल्यास ऐंशी दिवस सांगितले आहेत. या फरकाचे कारण ग्रंथ देत नाही आणि विद्वानांचे त्यावर एकमत नाही. जो भाष्यकार ते कारण छातीठोकपणे सांगतो, त्याच्या बाकीच्या विधानांकडेही सावधपणे पाहावे.

दुसरी कसोटी तेराव्या अध्यायाची. तेथे ‘त्साराअत’ नावाच्या त्वचेच्या विकाराची तपासणी याजकाने कशी करावी, हे बारकाईने सांगितले आहे. ग्रीक भाषांतरात त्यासाठी ‘लेप्रा’ हा शब्द आला, त्यावरून युरोपीय भाषांत कुष्ठरोगाचे नाव आले, आणि मराठी बायबलमध्येही ‘महारोग’ किंवा ‘कुष्ठरोग’ असेच शब्द आले. परंतु अध्याय शांतपणे वाचला तर हा आजचा कुष्ठरोग नाही, हे दिसते. त्साराअत लोकरीच्या कपड्यालाही होते, चामड्यालाही होते आणि चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीलाही होते. शिवाय तो विकार डोक्यापासून पायापर्यंत सर्व अंगावर पसरून त्वचा संपूर्ण पांढरी झाली, तर याजकाने त्या माणसाला शुद्ध ठरवावे, असे तेराव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. संसर्गाच्या भीतीने केलेला नियम असा असता का? याजक येथे वैद्य नाही. तो औषध देत नाही, फक्त पाहतो आणि निर्णय देतो. मिलग्रोम यांच्या मते झडणारी, सोलवटलेली त्वचा मृत्यूची आठवण करून देते, म्हणून ती पवित्रस्थानापासून दूर ठेवायची. बायबलमधील गणना या पुस्तकात मोशेची बहीण मिर्याम हिला हाच विकार होतो, तेव्हा तिचा भाऊ अहरोन तिची तुलना मृतावस्थेत जन्मलेल्या अर्भकाशी करतो, ती याच अर्थाने.

कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. तरीही ‘देवाने शापिलेला रोग’ ही समजूत किती काळ टिकली आणि त्या समजुतीने किती माणसांना घराबाहेर काढले, हे ज्या महाराष्ट्रात बाबा आमटे यांना आनंदवन उभारावे लागले, तेथील वाचकाला सांगण्याची गरज नाही. ती समजूत केवळ बायबलमुळे आली, असे मी म्हणत नाही; ती आपल्याकडे आधीपासूनच होती. परंतु भाषांतरातल्या एका शब्दाने तिला धर्मग्रंथाचा दाखला मिळाला. ज्या भाष्यात या अध्यायावर ‘कुष्ठरोग म्हणजे पापाचे चित्र’ एवढेच प्रवचन असेल, ते मी कोणाच्याही हाती देणार नाही.

आता प्रत्यक्ष पुस्तकांविषयी. मिलग्रोम यांचे भाष्य ‘अँकर बायबल’ मालेत तीन खंडांत आहे. पहिला खंड १९९१ चा, दुसरा २००० चा आणि तिसरा २००१ चा. तिन्ही मिळून अडीच हजारांहून अधिक पाने होतात. घरी ठेवण्याचे हे पुस्तक नव्हे, ग्रंथालयाने घ्यायचे आहे. ज्यांना स्वतःसाठी हवे त्यांनी त्यांचेच २००४ चे एका खंडातले छोटे भाष्य घ्यावे. बारूख लेव्हिन यांचे १९८९ चे भाष्य ज्यू पब्लिकेशन सोसायटीने काढले आहे. त्यात हिब्रू मूळपाठ आणि भाषांतर समोरासमोर मिळते. विशेष म्हणजे या दोघांनी एकमेकांच्या विषयांवरही लिहिले: ज्यू सोसायटीच्या मालेत गणना मिलग्रोम यांनी केले आणि अँकर मालेत गणना लेव्हिन यांनी. दोघेही ज्यू, दोघेही प्राचीन पश्चिम आशियातील भाषांचे जाणकार, आणि तरीही एका मूळ मुद्द्यावर त्यांचे पटत नाही. लेव्हिन यांना अशुद्धतेमागे दुष्ट शक्तींच्या जुन्या कल्पनेचा अंश दिसतो. मिलग्रोम म्हणतात की लेवीयाने त्या शक्ती हद्दपार केल्या आहेत आणि अशुद्धतेचे मूळ माणसाकडे आणले आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. एकाच मूळग्रंथावर परस्परविरोधी भाष्ये असणे, ही गोष्ट गीतेवरची शांकरभाष्य आणि रामानुजभाष्य ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला नवी नाही.

ख्रिस्ती भाष्यांत गॉर्डन वेनम यांचे १९७९ चे भाष्य आजही उपयोगी आहे. त्यांची पद्धत मला प्रामाणिक वाटते: आधी त्या अध्यायाचा इस्राएलाच्या जीवनातला अर्थ, आणि मग, वेगळ्या मथळ्याखाली, नव्या कराराशी त्याचा संबंध. हे दोन थर सरमिसळ न करता ठेवणे महत्त्वाचे आहे. पहिल्याच वाक्यापासून प्रत्येक बकऱ्यात ख्रिस्त शोधणारी भाष्ये भक्तीला पोषक असतील, पण ती बकऱ्याकडे पाहतच नाहीत. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि नव्या करारातले इब्री लोकांस लिहिलेले पत्र मला प्रिय आहे. परंतु ते पत्र कशाबद्दल बोलते आहे हे समजण्यासाठीही आधी लेवीयातला प्रायश्चित्ताच्या दिवसाचा सोळावा अध्याय त्याच्या जागी वाचावा लागतो. ज्यांना लहान आणि अलीकडचे पुस्तक हवे, त्यांना अभ्यासक जे स्क्लार यांचे २०१४ चे टिंडेल मालेतले भाष्य पुरेसे आहे.

मध्ययुगीन ज्यू भाष्यकारांना वगळू नये. राशी, इब्न एझ्रा आणि नाखमनीदेस हे तिघेही आज सेफारिया या संकेतस्थळावर इंग्रजीत विनामूल्य वाचता येतात. सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकऱ्यांपैकी एक ‘अजाजेल’साठी रानात सोडतात. हा अजाजेल कोण? राशी म्हणतो, तो उंच खडकाळ कडा. इब्न एझ्रा म्हणतो की यात एक रहस्य आहे आणि तू तेहतीस वर्षांचा होशील तेव्हा ते तुला कळेल. आम्ही हे वाचून चक्रावलो. मग कळले की त्या वचनापासून तेहतीस वचने पुढे मोजली की सतराव्या अध्यायातले सातवे वचन येते, आणि तेथे बकऱ्याच्या रूपातल्या भुतांना यज्ञ करू नका, अशी आज्ञा आहे. नाखमनीदेस नंतर ते रहस्य उघड करून टाकतो. आम्ही त्या संध्याकाळी बोट ठेवून एकेक वचन मोजले. बाराव्या शतकातला एक माणूस पुण्यातल्या खोलीत आपल्याला शिकवतो आहे, असे वाटले.

एक इशारा आपल्याच वाचकांसाठी. सोवळे, विटाळ, सोयर, सुतक हे शब्द आपल्या घरातले असल्यामुळे लेवीय आपल्याला युरोपीय वाचकापेक्षा लवकर उमगते. पण त्याच कारणाने चूकही लवकर होते. लेवीयातली अशुद्धता येते आणि जाते; स्नान करून, संध्याकाळ झाली की, बहुतेक वेळा ती संपते. याजकपण जन्माने मिळते हे खरे, परंतु जन्माने अशुद्ध असा मनुष्यवर्ग या पुस्तकात नाही, आणि एकोणिसाव्या अध्यायात परक्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये शुद्धाशुद्धतेवर लिहिताना भारतातील जातींचाही विचार केला होता, आणि पुढे त्यांनीच लेवीय आणि जातिव्यवस्था यांतला हा फरक ठळकपणे मांडला. अस्पृश्यतेचे समर्थन किंवा तिची तुलना लेवीयात शोधणाऱ्या कोणत्याही लेखनापासून सावध राहावे, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

शेवटी एक विनंती. लेवीयाचे नियम मराठी बोलत पाळणारा एक ज्यू समाज, बेने इस्राएल, कोकणात शतकानुशतके राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून बेने इस्राएल लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पंख आणि खवले असलेले मासेच त्या बायका रांधतात, हे पाहून बाहेरून आलेल्या दाविद रहाबी या ज्यू माणसाने त्यांना ज्यू म्हणून ओळखले, अशी त्यांची परंपरा सांगते. तो अकराव्या अध्यायातला नियम आहे. याच समाजासाठी १८७४ मध्ये पुण्यात हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली. अलिबाग, पनवेल, ठाणे, मुंबई येथील किंवा इस्राएलमध्ये गेलेल्या कुटुंबांकडे आहारनियम, सण, मलिद्याचा विधी यांविषयी मराठीत लिहिलेली जुनी टिपणे, छापील पुस्तिका किंवा वह्या असतील, तर त्यांनी आपल्या वृत्तपत्रातून कळवावे. आमचा गट त्या स्वखर्चाने छायांकित करून मूळ प्रती परत करील. शब्दांचीही आम्हाला गरज आहे: ‘हत्तात’ला ‘पापार्पण’ नको, हे आम्हाला पटले आहे, पण त्याच्या जागी रोजच्या मराठीतला कोणता शब्द ठेवावा, यावर आमच्यात अजून चर्चा चालू आहे.

आपली एक वाचक,
निवृत्त शिक्षिका, पुणे