आधी पेट्रोल मोजा, मग उडा

संपादक महाशय,

घरी विमान बनवणाऱ्या तरुणावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात पाहिल्यापासून मला या वेडाचं कौतुकच आहे. पण लेखात पंख आले, खर्च आला, आईचे अश्रू आले. पेट्रोलच्या नळीबद्दल अवाक्षर नाही. बत्तीस वर्षं लहान विमानांची इंजिनं उघडली-जोडली, म्हणून राहवलं नाही.

उड्डाण होताच इंजिन बंद पडलं की लोक नशिबाला बोल लावतात. अमेरिकेत २०१२ साली घरगुती विमानांच्या अपघातांचा अभ्यास झाला, त्यात इंजिन दगा देणं हे अगदी वरच्या कारणांत निघालं. जमिनीवर संथ फिरणाऱ्या इंजिनाला घोटभर पेट्रोल पुरतं. थ्रॉटल पूर्ण उघडला की ते घटाघटा प्यायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच नाक वर जाऊन टाकी तिरकी होते. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं संपेपर्यंत सगळं छान चालतं.

एका हौशी मित्राच्या शेडमध्ये आम्ही विमानाच्या शेपटीखाली खड्डा खणून त्याला चढतानाचा कोन दिला, कार्ब्युरेटरकडची नळी सोडवून बादलीत धरली आणि घड्याळ लावलं. इंजिन पूर्ण जोरात ताशी २५ लिटर पिणारं, पेट्रोल नुसतं उताराने येणारं. अशा वेळी धार दीडपट हवी, म्हणजे मिनिटाला सव्वासहाशे मिली. (पंप असला तर सव्वापट चालते.) पहिल्या मिनिटाला भरपूर आलं. तिसऱ्याला धार सुतळीएवढी झाली, मग नुसते थेंब. टाकीचं झाकण फिरवलं तर फुस्स करून हवा आत गेली. पेट्रोल उतरेल तशी टाकीत हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडात कुंभारमाशीने घर केलं होतं! मित्र दुसऱ्या दिवशी सकाळी उडणार होता, पेढेही आणून ठेवले होते. ते आम्ही तिथेच, हात पुसून खाल्ले.

शिवाय पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं. आणि पेट्रोलचा कॉक कुठे बसवलाय तेही बघा. गायक जॉन डेन्व्हर १९९७ साली ज्या घरगुती विमानाच्या अपघातात गेले, त्याच्या टाक्या बदलायचा कॉक बांधणाऱ्याने डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवायला अंग वळवावं लागे. त्यातच विमान हातचं गेलं.

लेखातला तरुण म्हणतो, इंजिन थांबलं तर वळून धावपट्टीवर येईन. बाळा, दोनशे फुटांवरून नाही. पट्टीच्या रेषेत यायला १८० अंशांहून जास्तच वळावं लागतं, आणि ४५ अंश कललं की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो वेग, जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढतो. नाक खाली घे, समोर जे शेत येईल त्यात उतर. चाकं मोडली तर मोडू देत.

पुढच्या वेळी असा लेख कराल तेव्हा वार्ताहराला एवढं विचारायला सांगा: शेपूट खड्ड्यात घालून मिनिटाला किती मिली आलं?

– एक निवृत्त विमान तंत्रज्ञ, धुळे